घाटात काटा चढला म्हणून लगेच इंजिन खोलायचं का?

सेकंडहँड गाडी गरम व्हायला लागली, धूर सोडायला लागली किंवा ऑइल खायला लागली की बेळगावात आपल्याला दोनच सल्ले मिळतात, एक म्हणजे 'इंजिन काम करून टाक, नव्यासारखी होतीय' आणि दुसरा 'आहे तशी काढून टाक, दुसरी बघ'. मी राहते जर्मनीत स्टुटगार्टजवळ, इथे तिसराच सल्ला मिळतो, भंगारात दे. तिन्ही सल्ले देणारी माणसं आपल्या भल्याचंच बोलत असतात, पण नेमकं बिघडलंय काय हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नसतं, आणि ते शोधायला एक दिवस आणि हजारभर रुपये घालायला कुणी तयार नसतं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण यात पैसा जातो तो पगारदार नाहीतर शेतकरी माणसाचा, ज्यानं दोन-अडीच लाख जमवून पहिली चारचाकी घेतलेली असते.

माझा आत्तेभाऊ खानापूरजवळ राहतो, त्यानं डिझेल हॅचबॅक घेतली, केए २२ पासिंग, दुसरा मालक, लाखाच्या वर चाललेली. कामासाठी त्याचं चोर्ला घाटातून गोव्याला जाणं-येणं असतं. पावसाळा संपल्यावर त्याचा फोन आला, "अक्का, गाडी पाणी पिऊलीय बघ, कुठं गळत तर न्हाई." गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून बघितलं आणि इंजिन उतरवून सगळंच करूया म्हणाला, रिंग-पिस्टन, बेअरिंग, हेड, सगळं, सत्तर हजार धर. आत्तेभाऊ ॲडव्हान्स द्यायच्या तयारीत होता.

मी त्याला आधी विचारलं, टेंपरेचरचा काटा चढतो कुठे? हा प्रश्न फुकट आहे आणि अर्धं उत्तर यातच असतं. गोगटे सर्कलला ट्रॅफिकमध्ये किंवा टिळकवाडीच्या रेल्वे गेटला उभी असताना चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, तर आधी रेडिएटरचा फॅन, त्याचा रिले, सेन्सर बघायचा, कारण पळताना वारा फॅनचं काम करतो. हायवेला वंटमुरी घाटात किंवा चोर्ल्यात लोडवर चढतो, सपाटीला ठीक असतो, तर रेडिएटर आतून चोक झालेला, थर्मोस्टॅट पूर्ण न उघडणारा, वॉटर पंपाची पाती झिजलेली, किंवा मग हेड पॅकिंग, म्हणजे इंजिनचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं सील. त्याचा घाटातच चढायचा. आणि सकाळी स्टार्ट केल्यावर पांढरा धूर येतो का? येतो, म्हणाला, पण थंडीत तो सगळ्याच गाड्यांना येतो आणि दोन-चार मिनिटांत जातो, त्याला घाबरायचं नाही, त्याच्या गाडीचा मात्र इंजिन तापल्यावरही जात नव्हता आणि त्याला गोडसर वास होता. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, जळतं तेव्हा असा वास येतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, म्हणजे एअर फिल्टर, नोझल, टर्बोचा पाइप वगैरे. धुराचा रंग दिवसाउजेडी बघायचा, रात्री हेडलाइटच्या उजेडात सगळंच पांढरं दिसतं.

आता पांढरा धूर आणि पाणी कमी म्हटलं की सगळे हेड पॅकिंगवर येतात, आणि पॅकिंग म्हटलं की 'खोललंच आहे तर सगळंच करून घे' वर येतात. पण डिझेल गाडीत आणखी एक वस्तू असते जी हुबेहूब अशीच लक्षणं दाखवते, ती म्हणजे ईजीआर कूलर. जळलेला गॅस थोडा परत इंजिनात सोडायचा असतो, तो आधी इंजिनच्याच पाण्यानं गार करतात, आणि त्या कूलरला आतून भोक पडलं की पाणी गॅससोबत इंजिनात जाऊन जळतं. बाहेर थेंब दिसत नाही, धूर पांढरा. पॅकिंग बदलून, हेड फेसिंग करून (म्हणजे मशीनवर सपाट करून), सगळं बसवून झाल्यावर गाडी परत पाणी प्यायला लागते तेव्हा बऱ्याचदा हेच असतं.

त्याच्याही आधी रेडिएटरचं झाकण. एवढीशी वस्तू, पण सिस्टीममधलं प्रेशर तीच धरून ठेवते. साधं पाणी १०० अंशाला उकळतं, पण साधारण १ बार जास्तीच्या प्रेशरखाली तेच १२० अंशाच्या आसपास उकळतं, म्हणून इंजिन १०० च्या वर गेलं तरी पाणी उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर गेलं की पाणी लवकर उकळून बाहेर पडतं आणि वाफ होऊन जातं, खाली डागही राहत नाही. झाकण काही शेकड्यात येतं. (आणि हे झाकण गरम इंजिनावर कधीही उघडू नका, घाटात तर अजिबात नाही, उकळतं पाणी सरळ तोंडावर येतं. गाडी बाजूला घ्या, हीटर फुल करा, मग इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास थांबा.)

मी आत्तेभावाला म्हटलं, सत्तर हजार राहू दे, मेस्त्रीला हजार रुपये दे आणि सांग की हे फक्त शोधायचे पैसे आहेत, काम तुझ्याकडेच करतो. हे मी इथे शिकले. इथे गॅरेजवाले नुसतं निदान करायचेही पैसे लावतात, सुरुवातीला मला ते लुबाडणं वाटायचं, आता वाटत नाही. आपल्याकडे शोधायची मजुरीच कुणी देत नाही, मेस्त्रीला पैसे मिळतात ते खोलल्यावर, मग तो खोला असंच सांगणार की, त्यालाही घर आहे. आमच्याकडचे मेस्त्री हुशार आहेत, कानानं ऐकून नोझल कुठला गेलाय सांगणारे मी स्वतः बघितलेत, पण त्यांच्या डोक्यातल्या कामाची किंमत आपण देत नाही.

मेस्त्रीनं मग थंड गाडीला रेडिएटरच्या तोंडावर प्रेशर पंप लावून १ बार भरला आणि रात्रभर ठेवला. सकाळी पंपाचा काटा खाली आलेला, खाली जमीन कोरडी, म्हणजे पाणी आतच कुठेतरी जातंय. मग व्हिडिओ कॉलवर मी बघत होते, थंड इंजिन स्टार्ट केलं आणि एका मिनिटाच्या आत वरचा होज दगडासारखा कडक. पाणी अजून तापलेलंच नाही तर प्रेशर आलं कुठून? सिलिंडरमधून गॅस पाण्यात घुसतोय. खात्रीसाठी जळलेला गॅस ओळखणारं निळं केमिकल आणलं, रेडिएटरच्या तोंडावर नळी धरून वरची हवा त्यातून ओढायची, जळलेला गॅस असेल तर निळ्याचा रंग बदलून पिवळा किंवा हिरवट होतो. बदलला रंग. ईजीआरचा पाइप सोडून आत बघितलं तर कोरडी काजळी, ओल नाही. म्हणजे कूलर सुटला, हेड पॅकिंग नक्की.

आता मुख्य प्रश्न, खालचं इंजिन खोलायचं का? याचं उत्तर कम्प्रेशन देतं, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. डिझेलला वेगळं जास्त रेंजचं गेज लागतं, हीटर प्लगच्या भोकातून लावतात, आणि आकडा किती यापेक्षा चारही सिलिंडरमध्ये फरक किती हे महत्त्वाचं, दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. पेट्रोल इंजिनात एखादा सिलिंडर कमी दिसला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजायचं, आकडा वाढला तर रिंगा झिजल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व किंवा पॅकिंग. (डिझेलला ही ऑइलची ट्रिक जपून, आत जागाच कमी असते.) त्याच्या गाडीत शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी, बाकी दोन चांगले, हे तर पॅकिंग दोघांच्या मधे फुटल्याचं जवळजवळ सहीशिक्क्याचं लक्षण. ऑइल फिलरचं झाकण उघडून आयडलला ठेवलं तर फुसफुस नाही, म्हणजे रिंगांमधून गॅस खाली येत नाही, डिपस्टिकवर ऑइल काळं पण दुधाळ नाही, म्हणजे पाणी ऑइलमध्ये गेलेलं नाही आणि बेअरिंगं वाचलीत. खालचं इंजिन खोलायला काही कारणच नव्हतं.

हेड काढून बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, दिलं. माझं कॉलेज त्याच भागात होतं, त्यामुळे तिथल्या वर्कशॉपचं मला जरा जास्तच कौतुक आहे हे मान्य, पण फाउंड्री, क्रँकशाफ्ट, मशीनिंगचं काम जिथे पिढ्यान्‌पिढ्या चालतंय त्या गावात हेड तपासून घेणं ही सोय आहे जी इथे मला शोधूनही इतक्या जवळ मिळत नाही. तिथे स्ट्रेट एज ठेवून फीलर गेज सरकवून बघितलं, हेड वाकलेलं होतं, लहान इंजिनांना साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या पुढे चालत नाही. फेसिंगच्या आधी पाण्यात बुडवून हवेचं प्रेशर देऊन तडा आहे का बघायला लावलं, कारण तडकलेल्या हेडवर फेसिंगचे पैसे वाया. आणि डिझेलमध्ये फेसिंग मनाला येईल तेवढं करता येत नाही, पिस्टन आणि व्हॉल्वमध्ये जागा अगदी कमी असते, म्हणून बऱ्याच इंजिनांना पॅकिंग वेगवेगळ्या जाडीचं येतं, कडेला खाचा किंवा भोकं असतात, ती मोजून घ्यायचं. हेडचे बोल्ट नवे. जुने परत लावूया म्हणणाऱ्याला नको म्हणा, बऱ्याच इंजिनांत ते एकदाच ताणून बसवायचे असतात. सगळं मिळून, मजुरी धरून, बावीस हजारांच्या आसपास गेले.

इथे जर्मनीत हेच काम काढलं असतं तर? मजुरीच तासाला शंभर युरोच्या आसपास किंवा वर, हेड पॅकिंगला दहा-पंधरा तास सहज जातात, म्हणजे नुसती मजुरीच लाख रुपयांच्या वर. आणि जुन्या लहान गाडीची किंमतच दोन-अडीच हजार युरो. म्हणून इथली माणसं गाडी सोडून देतात, त्यांना पैसा जास्त झालाय म्हणून नव्हे. त्यात दर दोन वर्षांनी टीयूव्हीची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायच्या लायकीची आहे का याची सक्तीची, तपासणी असते, इंजिनचा चेक लाइट पेटलेला असेल तर पास करत नाहीत, मग तारीख जवळ आली की माणसं हिशोब घालतात, एवढे घालू की दुसरी बघू. माझी स्वतःची पेट्रोल गाडी मिसिंग करायला लागली तेव्हा स्कॅनरवर पी ०३०२ आला, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचं मिसफायर. मी दुसऱ्याची कॉइल (स्पार्क प्लगला करंट देणारी) तिसऱ्यावर लावली आणि परत चालवली, कोड पी ०३०३ झाला. म्हणजे कॉइलच. नवी बसवली, संपला विषय. स्कॅनर कोड सांगतो, पार्ट सांगत नाही, हे तेवढं लक्षात ठेवा, पी ०३०२ बघून सरळ इंजेक्टर बदलणारेही आहेत.

दुरुस्त करायची की नाही हे ठरवताना मी आत्तेभावाला विचारलेलं ते एवढंच, की ही गाडी विकून तेवढ्याच पैशात येणाऱ्या दुसऱ्या गाडीचं इंजिन कसं आहे तुला माहितीय का? हिचं आता माहितीय, कम्प्रेशन मोजलंय, हेड तपासलंय. बॉडीला गंज नाही, गिअरबॉक्स ठीक, आरसीची १५ वर्षं संपायला वेळ आहे. दुसरी घ्यायची तर कोल्हापूरकडची एमएच ०९ स्वस्त दिसते, पण तिकडून एनओसी आणायची, इथे टॅक्स भरायचा, नंबर बदलायचा, तो खर्च आणि आरटीओच्या फेऱ्या कुणी किमतीत धरत नाही. सीमाभागातल्या माणसानं तरी हे धरायलाच पाहिजे.

उलटही होतं. निपाणीच्या माझ्या मैत्रिणीच्या भावाची पेट्रोल गाडी होती, निळा धूर, हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल, कम्प्रेशन तिन्ही सिलिंडरचं खाली, ऑइल सोडल्यावर वाढलं. म्हणजे रिंगा आणि बोअर, तिथे खरंच इंजिन काम. पण खालून पत्रा गंजलेला, क्लच जायला आलेला, आरसी रिन्यूअल वर्षावर. खर्च गाडीच्या किमतीच्या अर्ध्याच्या वर जात होता. मी नको म्हटलं. त्यानं घेणाऱ्याला ऑइल किती खाते, कम्प्रेशनचा आकडा किती, सगळं सांगितलं आणि त्या हिशोबानं किंमत कमी करून दिली. घेणारा स्वतःच मेस्त्री होता, त्याला मजुरी घरचीच, त्याच्यासाठी ते इंजिन करणं परवडणारं होतं.