जमिनीतून निघणारा धूर

आठवीत इतिहासाच्या तासाला गुरुजींनी एकदा पुस्तक मिटून ठेवलं आणि विचारलं, "जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' काढली. ती अर्पण कुणाला केली?" वर्ग गप्प. मग त्यांनीच सांगितलं, "अमेरिकेत ज्यांनी काळ्या लोकांची गुलामी मोडली, त्या भल्या माणसांना." मी उठून विचारलं, "गुरुजी, मग सुटलेली माणसं गेली कुठं?" ते म्हणाले, "मोठी झालीस की शोधून काढ."

मुलाच्या नोकरीमुळे अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, विचिटा शहरात राहायला आले, तेव्हा ते उत्तर सापडलं. तिथून मोटारीने चारेक तासांवर निकोडेमस नावाचं छोटंसं गाव आहे. वाटेत दुतर्फा मिलोची, म्हणजे तिकडच्या ज्वारीची रानं, तांबूस कणसांची. बाहत्तरच्या दुष्काळात आई दिवसभर खडी फोडून यायची आणि रात्री लाल मिलोची भाकरी थापायची, ते धान्य हेच. गाडी थांबवून मी एक कणीस हातात घेतलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिले.

१८७७ च्या सप्टेंबरात केंटकीहून तीनशेच्या आसपास माणसं इथं आली. बरीचशी कालपरवापर्यंत कुणाच्या तरी मालकीची. एलिस हे जवळचं रेल्वे स्टेशन, तेही पस्तीस मैलांवर. नजर जाईल तिथवर गवत, घर बांधावं तर लाकूड नाही. म्हणून टेकाडाच्या उतारात बिळासारख्या खोल्या खणून त्यांतच संसार मांडले. पुढच्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांनी लिहून ठेवलंय, की निकोडेमस कुठंय असं विचारल्यावर नवऱ्याने जमिनीतून निघणारा धूर दाखवला, आणि त्यांना रडू कोसळलं. वाळलेल्या सूर्यफुलाच्या काड्या आणि रानरेड्यांच्या सुकलेल्या शेणी, हेच जळण. शेणी म्हटल्यावर आपल्याकडच्या बायकांना वेगळं काही सांगायला नको.

पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या तिथल्या मूळ आदिवासी जमातीच्या लोकांनी आपल्यातलं अन्न त्यांना दिलं. ज्यांना सरकारने स्वतःच्या जमिनी सोडायला लावल्या, त्यांनी दिलं. हे मी कधी विसरणार नाही.

नांगर-बैल जवळजवळ नव्हतेच, कुदळी-फावड्यांनी रान फोडलं. दहा वर्षांत दुकानं झाली, हॉटेल झालं, दोन वर्तमानपत्रं निघाली, बेसबॉलचा संघ उभा राहिला. रेल्वे यावी म्हणून गावाने १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. पण १८८८ मध्ये रूळ पडले ते नदीपलीकडून. दुकानदारांनी चंबूगबाळं उचललं आणि रुळांच्या गावी गेले. शेतकरी मात्र जमिनीला धरून राहिले.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती जेनी स्मिथ फ्लेचर. गावातली पहिली शिक्षिका, पोस्टाचं कामही तीच बघायची. ज्यांच्यापर्यंत कालपर्यंत अक्षर फारसं पोचूच दिलं नव्हतं, त्यांच्या पोरांना ती बाराखडी शिकवत होती. १९१८ ची छोटी शाळा अजून उभी आहे. आता ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा भाग आहे.

दरवर्षी जुलैअखेर मुक्तीच्या सणाला त्या गावची पांगलेली लेकरं-नातवंडं परत येतात. त्या गर्दीत, शाळेसमोर खुर्ची टाकून बसलेल्या एका आजींनी मला जवळ बोलावलं. कुठली, काय, सगळी चौकशी केली. म्हटलं, सातारा जिल्ह्यातल्या खटावची, आमच्या शाळेचा यंदा अमृतमहोत्सव आहे.

"तुमची शाळा आधी कुठं भरायची?" त्यांनी विचारलं.

"मारुतीच्या देवळाच्या ओवरीत."

"आमची जमिनीच्या पोटात," त्या म्हणाल्या, आणि पलीकडची खुर्ची ओढून मला बसवून घेतलं.