रिपोर्ट नॉर्मल, पण पोरगी पळू शकत नव्हती

साताऱ्याकडची एकोणीस वर्षांची पोरगी, तीन आणि पाच हजार मीटर पळणारी. वडील जाडजूड फाईल घेऊन आले, एक्स-रे, एमआरआय, रक्त, सगळं नॉर्मल. तरी पाचव्या राऊंडला दोन्ही नडग्यांच्या बाहेरच्या बाजूला आवळून यायचं, पाऊल उचलायचं नाही, आणि थांबलं की वीसेक मिनिटांत जणू काही झालंच नाही. रोज पाचवाच राऊंड. आधी कुणी बर्फ लावायला सांगितलं, कुणी कॅल्शियम दिलं, आणि एका ठिकाणी तर तोंडावर सांगितलं की हे मनाचं आहे. "सर, मी नाटक नाय ओ करत," एवढं बोलून ती रडायलाच लागली.

मला अशा वेळी खरंच राग येतो. ठरावीक अंतराला सुरू होणारं आणि थांबलं की जाणारं दुखणं पोरगं खोटं कशाला सांगेल? आणि जे पळतानाच होतं ते टेबलावर झोपवून कसं दिसणार?

तिला बूट घालून हॉस्पिटलमागच्या रस्त्यावर पळायला लावलं, मी कडेला उभा. आठ-नऊ मिनिटांनी आवाज बदलला, उजवं पाऊल फट फट आपटायला लागलं. तशीच आत आणली. नडगीशेजारचा स्नायू टणक, आणि अंगठा व शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कापूस फिरवला तर तिला कळेना.

गुडघ्याखाली स्नायूंचे चार कप्पे असतात, भोवती फॅशियाचं, म्हणजे चिवट पातळ पडद्याचं आवरण. पळताना स्नायू रक्ताने वीसेक टक्के फुगतो, आवरण मात्र फारसं ताणत नाही, मग आतला दाब वाढून स्नायू आणि नस दोन्ही गुदमरतात. हाच पळताना होणारा कॉम्पार्टमेंट सिंड्रोम. (फ्रॅक्चरनंतर होतो तो कॉम्पार्टमेंट सिंड्रोम वेगळा, तिथे तासांचा खेळ असतो.) दाब मोजायचं खास मशीन आमच्याकडे नाही, म्हणून आयसीयूतला आर्टिरियल लाईनचा ट्रान्सड्यूसर (धमनीतला रक्तदाब मोजायचा सेन्सर) सुईला जोडला, भूलतज्ज्ञ मॅडमनी झिरो करून दिला. पळायच्या आधी तिचा दाब घेतला होता तो 19 (पाऱ्याचे मिलिमीटर), थांबल्यावर एका मिनिटाला 46, पाच मिनिटांनी 31. पेडोविट्झ या संशोधकाचे 1990 चे निकष याच क्रमाने आहेत 15, 30 आणि 20, त्यातला एक जरी गाठला तरी निदान धरतात, हिने तिन्ही ओलांडले. मॉनिटर बघून वडील एकदम गप्प झाले, मग म्हणाले, "म्हंजे खरंच दुखत हुतं."

लगेच चाकू नाही लावला. आधी काही महिने फिजिओने पळण्याची ढब बदलून बघितली, टाच आधी न टेकता पळायचं, काहींना तेवढ्यानेही पुरतं. हिला थोडाच फरक पडला. मग दोन्ही पायांची फॅशियोटॉमी, म्हणजे फॅशिया कापून मोकळा करायचं ऑपरेशन, ठरली, फक्त पुढचा आणि बाहेरचा कप्पा. मागच्या खोल कप्प्याचे रिझल्ट तितके खात्रीचे नसतात, तिथे मी फार विचार करतो.

बाहेरच्या बाजूला दोन छोटे छेद. घोट्याच्या साधारण दहा-बारा सेंटीमीटर वर वरवरची पेरोनियल नस फॅशियातून बाहेर येते, ती आधी डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कात्री पुढे सरकवत नाही. फॅशिया उभा उघडत गेलो तसा स्नायू कडांमधून वर आला, घट्ट अभ्र्यातली उशी बाहेर यावी तसा. फॅशिया शिवायचा नसतो, नुसती त्वचा शिवली.

दुसऱ्याच दिवशी चालवली, कारण पाय धरून बसलं तर व्रण परत आवळतो. दीडेक महिन्याने हलकं जॉगिंग, तीन महिन्यांनी ट्रॅक. आता पाचवा राऊंड सहज जातो, पाच हजार पूर्ण होतात. डाव्या पावलावर रुपयाएवढी बधिर जागा राहिलीय, असं होऊ शकतं हे ऑपरेशनआधीच सांगितलं होतं. दर व्हिजिटला मी ती पेनाने आखून घेतो. हळूहळू लहान होतेय.