अडतीस वजा एक

आज 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' मालिकेतला 'द क्लाउड' हा भाग पुन्हा लावला आणि पुन्हा त्याच वाक्याला अडखळले. कप्तान जेनवेला आठवण करून दिली जाते की जहाजावर ३८ फोटॉन टॉर्पेडो आहेत, आणि संपले की नवे मिळायचे नाहीत. ती म्हणते, ३७ धरा. आणि सोडते.

मी नेहमीसारखी चुकचुकले. त्यावर धाकटा म्हणाला, "ताई, व्हॉयेजर वाया घालवली, वाया घालवली म्हणतेस, मग १७२ भाग पाहिलेस कशाला? तेही दोनदा?"

उत्तरं बरीच सुचली, पण सगळी भांडणातली. मला नेमकं काय खुपतं ते त्यात नव्हतं.

आकडा त्यांनीच दिला होता, हे खुपतं. कुणी मागितला नव्हता. व्हॉयेजर जहाज घरापासून लांब फेकलं गेलेलं, अंतर ७०,००० प्रकाशवर्षं, घरी पोचायला ७५ वर्षं, वाटेत एकही तळ नाही, ३८ टॉर्पेडो. वही आपल्या हातात देऊन म्हणाले, मांडा हिशेब. आपण मांडत बसलो आणि तिकडे दुकान मागच्या दाराने चालू. सात सीझनमध्ये किती टॉर्पेडो सुटले याचे मोजणाऱ्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, पण ३८च्या कितीतरी पुढे जातात. शटलचीही, म्हणजे जहाजावरच्या छोट्या यानांचीही, तीच गत. त्यातली डेल्टा फ्लायर सहाव्या सीझनच्या शेवटी उडाली, सातव्यात दुसरी हजर. बरं, फ्लायर जहाजावरच बांधली होती. म्हणजे बांधता येत होतं! मग टॉर्पेडोही बनवत असतील, माझी काही हरकत नाही. इंजिनियर बेलानाने एकदा, निव्वळ एकदा, इंजिनरूममधून ओरडून सांगायचं होतं की जमलं, आता महिन्याला दोन निघतील. एका ओळीचा खर्च. तेवढीही ओळ कुणाला लिहावीशी वाटली नाही.

गंमत अशी की सगळा घोटाळा याच एका भागात मावलाय. ऊर्जा कमी, म्हणून रेप्लिकेटरवर (खाणंपिणं बनवणारं यंत्र) रेशन, म्हणून कप्तानाला कॉफी नाही, म्हणून 'त्या तेजोमेघात कॉफी आहे' म्हणत ती जहाज आत घुसवते. (तेच वाक्य २०१५मध्ये इटालियन अंतराळवीर सामान्था क्रिस्तोफोरेत्तीने अंतराळ स्थानकावरून, स्टारफ्लीटचा (मालिकेतल्या अंतराळ दलाचा) गणवेश घालून ट्वीट केलं होतं. त्या दिवशी मी व्हॉयेजरला सगळं माफ केलं होतं. दिवसभर.) आणि त्याच भागात जहाजाचा चालक टॉम पॅरिस त्याच्या मित्राला, तरुण अधिकारी हॅरीला, होलोडेकवरच्या (आभासी जग उभं करणारी खोली) सँड्रिनच्या बारमध्ये घेऊन जातो. कॉफीला वीज नाही, बारला आहे. कारण काय, तर होलोडेकची ऊर्जा बाकीच्या यंत्रणांना चालत नाही. हे आधीच्या 'पॅरलॅक्स' भागातच उरकून घेतलेलं. तिथे मात्र ओळ सुचली!

माकींचं, म्हणजे जहाजावर घेतलेल्या बंडखोरांचं, तर बोलूच नये. त्यांच्यासाठी १९९४मध्येच 'डीप स्पेस नाइन' आणि 'नेक्स्ट जनरेशन' या 'स्टार ट्रेक'च्याच दुसऱ्या मालिकांमध्ये जमीन नांगरून ठेवली होती. एवढी मशागत कुणी उगाच करतं? एका जहाजावर दोन वैरी गट, परतीचा रस्ता नाही. आणि पहिलाच भाग 'केअरटेकर' संपता संपता सगळे एका गणवेशात. दुसऱ्या गोष्टीत माकी बेलाना स्टारफ्लीटच्या कॅरीचं नाक फोडते आणि गोष्ट संपेपर्यंत मुख्य इंजिनियर होते. पुढे 'लर्निंग कर्व्ह'मध्ये थोडी धग जाणवते, पण तिथेही जहाजाला खरा धोका कुणाचा, तर स्वयंपाकी नीलिक्सच्या चीजमधल्या जंतूंचा. जहाजाच्या संगणकातले जैविक जेल पॅक आजारी पडले. असो.

कारणं मला ठाऊक आहेत. यूपीएन ही अमेरिकेतली तेव्हाची नवी वाहिनी, १६ जानेवारी १९९५ला तिचा श्रीगणेशाच व्हॉयेजरने झाला. कुणीही कुठल्याही आठवड्यात टीव्ही लावावा आणि त्याला गोष्ट कळावी, असा आग्रह. मग भाग संपताना खरचटलेलं जहाज पुढच्या भागात चकचकीत लागतं, नाहीतर नव्या माणसाला सांगावं लागतं की हे कधी फुटलं. 'डीप स्पेस नाइन' कुठल्या एका वाहिनीची नव्हती, थेट स्थानिक टीव्ही स्टेशनांना विकली जात होती, तिला लांब युद्ध चालवता आलं. हे सगळं पटतं. पटून काही कमी होत नाही.

'इयर ऑफ हेल'च्या वेळी तर फारच लागलं होतं. मालिकेचा लेखक-निर्माता ब्रॅनन ब्रागाच्या डोक्यात तो पूर्ण सीझनभर होता. मिळाले दोन भाग, नोव्हेंबर १९९७मध्ये. सुरक्षा अधिकारी ट्युवोक आंधळा, माणसं जहाज सोडून चाललेली, शेवटी जेनवे एकटी जहाज घेऊन, काळ बदलू पाहणाऱ्या ॲनोरॅक्सच्या जहाजावर आदळते आणि वर्षच पुसलं जातं. कुणाला काही आठवत नाही. माझ्याशिवाय. त्या वर्षात सुटलेले टॉर्पेडो वहीत धरायचे की नाही, यावर मी एक अख्खा रविवार घालवलाय. (धरायचे नाहीत. ते सुटलेच नाहीत.)

'इक्विनॉक्स' या तिथेच अडकलेल्या दुसऱ्या जहाजाचे पाच जणही असेच. पद काढून घेतलं, जहाजावर घेतलं आणि पुन्हा कधी दिसले नाहीत. कॅन्टीनच्या मागच्या टेबलावरसुद्धा नाहीत. मला वाटायचं, यांची आठवण ठेवणारी या जगात मीच एक उरलेय. वाटलं की डोळे भरायचे. खोटं कशाला बोलू.

मग आज 'डेडलॉक' हा भाग आठवला आणि हसूच आलं. जहाजाच्या दोन प्रती होतात, मार खाल्लेल्या जहाजावरचा हॅरी भगदाडातून बाहेर फेकला जातो, बाळ नेओमीही जाते. दुसऱ्या जहाजावरचे हॅरी आणि नेओमी इकडे येतात, ते जहाज स्वतःला उडवून घेतं. म्हणजे दुसऱ्या सीझनपासून शेवटपर्यंत आपण पाहिला तो उसना हॅरी. त्याचं मला कधी काही वाटलंच नाही. टॉर्पेडो मोजले, शटल मोजली, माणूस बदलला तो हिशेबात धरला नाही. बिचाऱ्याला बढती मिळाली नाही म्हणून मात्र सात सीझन हळहळले. नवीन जागी रुजू झालेल्याला एवढ्यात कोण बढती देतं?

'डीप स्पेस नाइन'चा लेखक रोनाल्ड मूर व्हॉयेजरच्या सहाव्या सीझनला आला आणि लगेच निघून गेला. पुढे 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या मालिकेत त्याने सुरुवातीच्या नामावलीतच जिवंत उरलेल्या माणसांचा आकडा लावला. भागागणिक बदलणारा. सुरुवातीलाच पाण्याच्या टाक्या फुटतात तर पाणी शोधण्यात अख्खा भाग जातो. माझ्या वहीला हवं ते सगळं तिथे होतं. आणि २००९मध्ये ती संपली तेव्हा लोक शेवटावरून भांडलेच. मीही. आणि तरी घरी दमून आलं की मी गॅलॅक्टिका लावत नाही. व्हॉयेजर लावते. फुटलेलं पुढच्या आठवड्यात नीट झालेलं असतं, हे कुठेतरी बरं वाटत असणार. धाकट्याला हे सांगणार नाही.

'द क्लाउड'च्या शेवटी जहाज आत शिरताना होती त्याहून कमी ऊर्जा घेऊन बाहेर पडतं, हे आज नव्याने लक्षात आलं. कॉफीपायी. वर एक टॉर्पेडो गेला तो वेगळाच.

उद्या 'आय ऑफ द नीडल'. त्यात घरी पाठवलेली पत्रं ज्याच्या हाती देतात, तो माणूस आधीच वारलेला निघतो. तो भाग धाकट्याने बसून पाहावा असं वाटतं. बसेल, पण मध्येच काहीतरी विचारेल.