तुम्ही विचारलंत म्हणून: खाणकंपनीच्या शेअरची ‘पट’

प्रश्न बहुतेक वेळा एकाच स्वरूपात येतो. कुणीतरी एखाद्या लहान खाणकंपनीचा वार्षिक अहवाल उघडतो, वर्षभरात कामकाजातून हाती आलेली रोख रक्कम पाहतो, कंपनीच्या एकूण बाजारमूल्याला त्या रकमेने भागतो आणि मला विचारतो, “काका, हा शेअर रोख प्रवाहाच्या अवघ्या चारपटीला मिळतो आहे, सिमेंटवाले बारापटीला जातात, मग तुम्ही नको का म्हणता?” पुतण्याने विचारले आहे, जुन्या कार्यालयातल्या तरुण सहकाऱ्यांनी विचारले आहे, फोंड्याला सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रांनी तर अनेकदा विचारले आहे. मी आजवर थोडक्यात उत्तरे दिली, आणि ती प्रत्येक वेळी एका पोळलेल्या माणसाची भीती म्हणून बाजूला ठेवली गेली. मी पोळलेलो आहे, हे खरे आहे. पण माझे म्हणणे केवळ त्या भीतीतून आलेले नाही, हे एकदा सविस्तर सांगावे म्हणून हे लिहितो आहे.

नफ्याऐवजी रोख प्रवाह का पाहायचा, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमचा भागाकारही बरोबर असतो. माझी हरकत त्या उत्तराच्या वाचनाला आहे. ‘चारपट’ हा आकडा तुम्ही स्वस्ताईचा दाखला म्हणून वाचता, मी तो वर्षांची मोजणी म्हणून वाचतो. खाणीतून दरवर्षी सारखीच रोकड येत राहील असे धरले आणि या धंद्यातल्या जोखमीसाठी वर्षाला पंधरा टक्के परतावा हवा असे मानले, तर तीन वर्षांच्या रोकडीची आजची किंमत वार्षिक रकमेच्या 2.28 पट होते, पाच वर्षांची 3.35 पट, दहा वर्षांची 5.02 पट, आणि खाण कधीच संपणार नाही असे गृहीत धरले तरी ती 6.67 पटीच्या वर जात नाही. म्हणजे चारपट मोजताना तुम्ही कंपनीला सांगत असता की हीच रोकड मला निदान साडेसहा वर्षे अशीच मिळत राहील. सिमेंटवाल्याची चुनखडी अनेक दशके पुरते, म्हणून त्याची बारापट आणि खाणीची चारपट शेजारी ठेवता येत नाही. साडेसहा वर्षे पुरेल इतके खनिज जमिनीत आहे का, आणि ते काढण्याचा हक्क कंपनीकडे तितकी वर्षे आहे का, हे दोन प्रश्न भागाकाराच्या आधी विचारावे लागतात. मी ते एकदा विचारले नाहीत.

जानेवारी 2011 मधली गोष्ट आहे. मी तेव्हा गोव्यातल्या खनिज व्यवसायात हिशेबाच्या बाजूला पंचवीसेक वर्षे काढलेली होती. भावोजी नुकतेच गेले होते, आणि त्यांच्या भविष्य निर्वाह निधीतून आलेल्या रकमेचे काय करावे, असे बेळगावच्या ताईने मला विचारले. बहुतेक रक्कम बँकेत ठेवायची हे ठरलेच होते. उरलेल्या सहा लाखांसाठी तिला माझे मत हवे होते. मी एका लहान कंपनीचे नाव सुचवले. कंपनीचा एकच लोहखनिजाचा पट्टा, म्हणजे ठरावीक मुदतीचा उत्खननाचा हक्क, होता, वर्षाला सहा लाख टनांच्या आसपास माल निघत असे, आणि तो बार्जमधून मुरगावला जाऊन पुढे चीनला रवाना होत असे. टनामागे साडेतीन हजार रुपये येत होते आणि सगळा खर्च जाऊन हजार रुपये उरत होते, म्हणजे वर्षाला साठ कोटी. कंपनीचे बाजारमूल्य दोनशे दहा कोटी होते आणि कर्ज जवळजवळ नव्हते. साडेतीनपट. मी ताईला सांगितले, “साडेतीन वर्षांत अख्ख्या कंपनीचे पैसे वसूल होतात, त्यापुढचे सगळे आपले.” हे वाक्य मी ज्या आत्मविश्वासाने उच्चारले तो मला आजही आठवतो.

तिने चौऱ्याऐंशी रुपयांनी शेअर घेतले. 28 फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात लोहखनिजाच्या चुऱ्यावरचे निर्यात शुल्क पाच टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर गेले. साडेतीन हजारांच्या टनामागे एकशे पंचाहत्तर रुपयांऐवजी सातशे रुपये शुल्क, म्हणजे उरणाऱ्या हजारातले सव्वापाचशे रुपये एका दिवसात गेले, आणि ताईची साडेतीनपट शेअरचा भाव न हलताही सातच्या पुढे पोहोचली. त्या वर्षी जागतिक भाव चढे होते म्हणून तो घाव लगेच जाणवला नाही. वर्षअखेरीस, 30 डिसेंबरपासून, शुल्क तीस टक्के झाले. मी ताईला धीर देत राहिलो की हे धोरण बदलेल, खनिज तर जमिनीत तसेच आहे.

मग बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल आला. 10 सप्टेंबर 2012 रोजी राज्य सरकारने खाणी स्थगित केल्या आणि 5 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने उत्खनन व वाहतूक थांबवली. डिचोली, सांगे, केपे या तालुक्यांत जे झाले ते तुम्ही पाहिले आहे. ट्रक दारात उभे राहिले, बार्ज नदीत नांगरून पडले, कर्ज काढून ट्रक घेतलेली मुले बँकेच्या पायऱ्या झिजवू लागली. त्यांच्या नुकसानीपुढे एका शेअरधारकाचे नुकसान लहान आहे, हे मी जाणतो. तरी ताईचे सहा लाख माझ्या शब्दावर गेले होते. शेअर अकरा रुपयांपर्यंत उतरला. ती मला एकदाही बोलली नाही. तिने फक्त एकदा विचारले, “तुला हे आधी कळण्यासारखं होतं का रे?”

याच प्रश्नामुळे मी 2014 च्या उन्हाळ्यात तो जुना वार्षिक अहवाल पुन्हा काढला. त्या वर्षी 21 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की पोर्तुगीज काळातल्या सवलतींचे, म्हणजे तेव्हा दिलेल्या खाणकामाच्या हक्कांचे, 1987 च्या कायद्याने जे खाणपट्टे झाले, त्यांची नूतनीकरणाची वीस वर्षे 22 नोव्हेंबर 2007 रोजी संपली, आणि त्यानंतरचे सगळे उत्खनन बेकायदा होते. अहवालाच्या शेवटच्या टिपांमध्ये चार ओळी होत्या, त्यांचा आशय असा होता की पट्ट्याची मुदत 22 नोव्हेंबर 2007 रोजी संपली असून नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केलेला आहे, आणि निर्णय होईपर्यंत नियमानुसार पट्टा चालू असल्याचे मानले जाते. त्या ओळींच्या शेजारी पेन्सिलीने केलेली बरोबरची खूण होती. ती खूण माझी होती. मी ते वाचले होते, वाचल्याची नोंद केली होती, आणि पुढे गेलो होतो. साडेतीनपट मोजणाऱ्याला पंधरा टक्क्यांच्या हिशेबाने सव्वापाच वर्षे लागतात; कायद्याच्या नजरेत त्या पट्ट्याची उरलेली वर्षे शून्य होती.

माझ्या बाजूने सांगण्यासारखेही काही आहे, आणि ते मी सांगणार आहे. मुदत संपून अर्जावर चालणारी ती एकटीच कंपनी नव्हती. गोव्यातल्या खाणींची ती रोजची वहिवाट होती. 1960 च्या खनिज सवलत नियमांतल्या ज्या तरतुदीवर हे चालले होते तिच्यावर सरकारही विसंबून होते, स्वामित्वधन म्हणजे खनिजावरची रॉयल्टी घेत होते, बंदरातून माल सोडत होते. दुसऱ्या नूतनीकरणाला ती तरतूद लागू नाही, हे न्यायालयाने सांगेपर्यंत या धंद्यातल्या माणसाला सुचणे कठीण होते. पण 2011 मधल्या त्या माणसाला मी आज इतकेच विचारतो: सगळ्यांचे तसेच आहे, हे तुला सुरक्षिततेचे लक्षण का वाटले? सगळ्यांचे पट्टे एकाच दिवशी संपले असतील तर ते सगळे एकाच दिवशी बंदही पडू शकतात. तो मला उलट विचारतो की प्रत्येक तळटिपेला घाबरणारा माणूस आयुष्यात कुठलाच शेअर घेऊ शकेल का. त्याच्या या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही.

कारण उलटी चूकही मी केली आहे. डिसेंबर 2015 मध्ये लोहखनिजाचा जागतिक भाव टनाला चाळीस डॉलरच्या खाली गेला होता. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला दुसऱ्या राज्यातल्या एका लहान कंपनीचा शेअर माझ्यासमोर आला. रोख प्रवाहाच्या अकरापट. मी ताबडतोब नको म्हटले, आणि माझा पुतण्या माझे ऐकून थांबला. मे 2021 मध्ये तोच जागतिक भाव दोनशे डॉलरच्या वर गेला आणि तो शेअर आमच्या हाताबाहेर कितीतरी पटींनी चढला. अकरापट दिसत होती ती मंदीतल्या रोकडीवर. शंभर रुपयांना विकल्या जाणाऱ्या मालाचा खर्च साठ रुपये असेल तर भाव वीस टक्क्यांनी उतरताच रोकड निम्मी होते आणि तितकाच चढल्यास दीडपट होते. त्यामुळे भाव शिखरावर असताना पट नेहमी लहान दिसते आणि तळाला असताना मोठी. हे मला तेव्हाही माहीत होते. माहीत असूनही ताईच्या सहा लाखांनी माझा हात धरला. तेव्हा ‘भीतीपोटी नको म्हणता’ हा तुमचा आरोप त्या एका वेळेपुरता मी मान्य करतो.

आता मी काय करतो, तेही विचारले जाते. चालू वर्षाची रोकड मी जशीच्या तशी घेत नाही. गेल्या सहा-सात वर्षांच्या भावांची सरासरी काढून तिच्यातून आजचा खर्च वजा करतो. गिऱ्हाईकाकडून आलेली आगाऊ रक्कम किंवा जेटीवर पडलेला जुना साठा विकून आलेले पैसे रोख प्रवाहात दिसतात. ते वेगळे काढतो, कारण ते पुढच्या वर्षी परत येणार नसतात. मातीचा हिशेब सगळ्यात फसवा असतो. गोव्यात एक टन खनिजासाठी साधारण अडीच-तीन टन माती काढावी लागते, आणि ज्या कंपनीला रोकड मोठी दाखवायची असते ती एखादे वर्ष माती काढणे लांबवून फक्त उघडे पडलेले खनिज उचलते. त्या वर्षीचा रोख प्रवाह डोळे दिपवणारा असतो आणि पुढची दोन वर्षे तो फेडण्यात जातात. म्हणून अहवालात काढलेल्या मातीचे टन दिले असतील तर मी ते आधीच्या वर्षांशी ताडून पाहतो, आणि दिले नसतील तर पट काढायच्या फंदातच पडत नाही. मग साठ्याची वर्षे आणि पट्ट्याची वर्षे यांतला जो आकडा लहान, तेवढ्याच वर्षांची किंमत करतो. 2015 च्या कायदादुरुस्तीने हे काम सोपे केले. व्यापारी विक्री करणाऱ्या कितीतरी जुन्या पट्ट्यांना 31 मार्च 2020 ही अखेरची तारीख मिळाली, आणि त्यानंतर निदान दिवस मोजता येऊ लागले.

नव्या, लिलावाने दिलेल्या पट्ट्यांबाबत मात्र माझे मत अजून ठरत नाही. गोव्यात 2014 च्या निकालानंतर सरकारने 88 पट्ट्यांचे केलेले दुसरे नूतनीकरणही फेब्रुवारी 2018 मध्ये रद्द झाले, खाणी पुन्हा थांबल्या, आणि डिसेंबर 2022 मध्ये पहिल्या चार पट्ट्यांचा लिलाव झाला. त्या चारांतली सर्वांत कमी बोलीसुद्धा, म्हणजे सरकारला द्यायचा कबूल केलेला हिस्सा, खनिजाच्या ठरलेल्या किमतीच्या साठ टक्क्यांच्या वर होती. त्यावर पंधरा टक्के स्वामित्वधन आणि त्या स्वामित्वधनावरचे इतर निधी धरले तर शंभरातले जेमतेम वीस-पंचवीस रुपये खर्चासाठी आणि नफ्यासाठी उरतात. पन्नास वर्षांचा पट्टा हातात आहे, म्हणजे वर्षांचा प्रश्न सुटला, पण रोकड इतक्या पातळ पापुद्र्यावर उभी आहे की सरासरी भावात दहा टक्क्यांचा फरक पडला तरी माझी सगळी किंमत पुसली जाते. माझ्या हिशेबात त्या बोली बसत नाहीत. त्या लावणाऱ्यांना हिशेब माझ्याइतकाच येतो, बहुधा जास्तच येतो, आणि त्यांना जमिनीखालचे जे दिसते ते मला कागदावर दिसत नसेल, ही शक्यता मी नाकारू शकत नाही.

हा प्रश्न माझ्यासाठी केवळ चर्चेचा राहिलेला नाही. ताईने ते शेअर कधी विकले नाहीत. कंपनी दुसऱ्या किरकोळ व्यवसायावर टिकून आहे, आणि आता पुढच्या एखाद्या लिलावात उतरण्याचा विचार असल्याचे तिने भागधारकांना कळवले आहे. त्या बातमीने शेअर थोडा वर आला, आणि गेल्या महिन्यात ताईने फोन करून विचारले, “विकू का आता, की थांबू?” मी तीन संध्याकाळी वही घेऊन बसलो. साठ टक्क्यांची बोली धरली तर मिळालेला पट्टा कंपनीला बुडवेल असे निघते; चाळीस टक्के धरली तर शेअरची किंमत आजच्या दुपटीहून जास्त निघते; आणि चाळीस टक्क्यांना पट्टा मिळेल असे मानण्याला माझ्याकडे कसलाही आधार नाही. ताईला मी अजून काही कळवलेले नाही. दिवाळीला ती फोंड्याला येणार आहे, तेव्हा ती पुन्हा विचारेल.