आमची वाटचाल : लाल किरण आणि तापलेला पत्रा

2003 साली इंदूरला सांवेर रोडवरच्या एका शेडच्या माळ्यावर दोन टेबलं टाकून आम्ही सुरुवात केली. आम्ही म्हणजे मी आणि दादा. दादा माझे मावसभाऊ, कॅटमधून, म्हणजे लेझरवर काम करणाऱ्या इंदूरच्या सरकारी संशोधन संस्थेतून, निवृत्त झालेले. उभी नोकरी लेझरच्या आरशांपाशी गेलेली. त्यांनी फंडाचे पैसे घातले आणि आम्ही एक जुना हेलियम-निऑन इंटरफेरोमीटर, म्हणजे लेझरच्या लाल किरणाने लांबी मोजणारं यंत्र, घेतला. काम एकच, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनची अचूकता तपासून देणं.

आपल्या लाइनीतल्या लोकांना सांगायला नको, या किरणाची तरंगलांबी 632.8 नॅनोमीटर. मशीनच्या टेबलावरचा कॉर्नर क्यूब (किरण आला त्याच दिशेने परत पाठवणारा आरसा) तिच्या निम्म्याने, सुमारे 316 नॅनोमीटर सरकला की उजेड-अंधाराचा एक फेरा पुरा होतो आणि यंत्र हे फेरे मोजत जातं. दादा किरण जुळवायला बसले की बघत राहावं. टेबल जवळ असताना बिंदू मधोमध आणायचा, टेबल टोकाला न्यायचं, बिंदू सरकला की स्क्रू केसभर फिरवायचा, पुन्हा जवळ. मीटरभरात किरण एक मिलिमीटर तिरका गेला तरी माप अर्ध्या मायक्रॉनने कमी भरतं; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आरशाला बोट लावलेलं त्यांना मुळीच खपत नसे.

पहिली सहा वर्षं बरी गेली. मग 2009 चा मे महिना आला.

इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका मोठ्या कारखान्यात आमच्याकडे कामाला असलेला मुलगा एकटाच गेला. मशीनचं तापमान घेणारा सेन्सर त्याने बेडवर, म्हणजे मशीनच्या जड बैठकीवर, न लावता बाहेरच्या पत्र्यावर चिकटवला. खिडकीतून ऊन थेट त्यावर. पत्रा 42 अंश, बेड 35. मापं 20 अंशांवर आणून लिहायची असतात आणि पोलाद दर अंशाला मीटरमागे साडेअकरा मायक्रॉन वाढतं. सात अंशांचे झाले ऐंशी मायक्रॉन. मशीन तेवढं कमी सरकतंय असं सॉफ्टवेअरने धरलं आणि मुलाने तीच दुरुस्ती कंट्रोलरमध्ये भरली. दोन बोअरमधलं, म्हणजे कोरलेल्या भोकांमधलं, 600 मिलिमीटरचं अंतर जवळपास 50 मायक्रॉन जास्त येऊ लागलं. त्या हाऊसिंगचा (यंत्राच्या बाहेरच्या कवचाचा) सगळा लॉट रिजेक्ट झाला.

चूक आमचीच होती. दुसऱ्या दिवशी मी आणि दादांनी जाऊन फुकट पुन्हा माप घेतलं, लॉटचे पैसे भरले, त्यासाठी बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. पण आमच्याच धंद्यातल्या एकाने त्या रिपोर्टची झेरॉक्स मिळवली आणि दोन वर्षं कारखान्या-कारखान्यांच्या गेटवर दाखवत फिरला. दर आमच्या निम्मा. पुढे त्याची तीन सर्टिफिकेटं माझ्या हाती आली. मशीनं तीन, कारखाने तीन, आणि आकडे शेवटच्या दशांशापर्यंत तेच! लेझर पेटीतून निघालाच नव्हता. हे मी आजही विसरलेलो नाही.

त्या दोन वर्षांत आम्हाला जगवलं ते साचे बनवणाऱ्या काकांनी. त्यांचं जुनं जिग बोरिंग मशीन, नेमक्या जागी भोकं कोरणारं. पहाटे पाच वाजता बोलवायचे, कारण तेव्हा शेडचं तापमान सर्वांत स्थिर. पंखे बंद, शटर खाली, माणसं बाहेर. पोहे येईपर्यंत पहिली फेरी झालेली असायची. महिनाभर कुठूनच काम नव्हतं तेव्हा त्यांनी तेच मशीन तीनदा मोजायला लावलं आणि तिन्ही वेळा बिल चुकतं केलं.

तरुण मंडळींना सांगतो, हवेचा सेन्सर ट्रायपॉडला लटकवू नका, किरणाच्या शेजारी ठेवा. हवा एका अंशाने बदलली की मीटरमागे एक मायक्रॉन गेला. आणि कारखानदारांनो, नुसतं सर्टिफिकेट घेऊ नका. मूळ रीडिंग मागा, पत्रा की बेड तेही विचारा.

दादा 2016 मध्ये गेले. त्यांचे सुती हातमोजे अजून ऑप्टिक्सच्या पेटीत आहेत.

गेल्या महिन्यात पीथमपूरच्या त्याच कारखान्यातून फोन आला, सहा मशीनं आहेत म्हणाले. सगळ्यांना सांगतो तोच दर सांगितला. रविवारी पहाटे पोचलो. बेडवरची ग्रीस स्वतः पुसली, सेन्सर माझ्या हाताने लावला आणि तो स्थिर व्हायला पुरता पाऊण तास दिला.