पवनचक्की किती तास बंद होती ते नको, कशी थांबली ते सांगा

जुन्या पवनचक्क्यांचं उरलेलं आयुष्य तपासायचं काम कुणाकडे आलं, तर आकडेमोडीचा धसका घेऊ नका. काम अडतं ते एका तक्त्यापाशी, आणि त्या तक्त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मी महाप्याला एका छोट्या सल्लागार कंपनीत स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे. सातारा जिल्ह्यातल्या पठारावरच्या काही चक्क्या मालकाला ठरलेल्या आयुष्यापुढेही चालवायच्या होत्या. आयईसी ६१४००-१ या पवनचक्क्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात हे आयुष्य किमान २० वर्षांचं धरतात. टॉवरची ड्रॉइंग, पायाचे नकाशे, वाऱ्याची आकडेवारी हे सगळं विनासायास मिळालं.

मग मी चक्क्या थांबल्याच्या नोंदी मागितल्या. देखभालीचं कंत्राट असलेल्या कंपनीच्या ठाण्यातल्या ऑफिसातून महिनावार तक्ता आला. त्यात उपलब्धतेची टक्केवारी आणि बंद तास, एवढंच. थांबली कितीदा, कशामुळे, तेव्हा वारा किती होता, यातलं काहीच नाही. समोरचे साहेब म्हणाले, “मॅडम, बंद म्हणजे बंद. तास दिलेत ना सगळे?” मग विनंती मालकाच्या लेटरहेडवर हवी झाली. ते नेलं तर सही कुणाची चालते यावर घोडं अडलं. घणसोलीहून लोकलने ठाणे, पुढे रिक्षा, आणि हातात पुन्हा तोच तासांचा तक्ता!

तास वीजविक्रीच्या हिशेबाला लागतात. टॉवरला त्यांच्याशी काही देणंघेणं नाही. चालू चक्कीत वारा पात्यांना मागे रेटत असतो, त्यामुळे टॉवर किंचित मागे वाकलेला असतो. इमर्जन्सी स्टॉप लागला की पाती भराभर नव्वद अंशांकडे वळतात, तो रेटा काही सेकंदांत नाहीसा होतो, कधी उलटाही होतो, आणि टॉवर वाकवून सोडलेल्या बांबूसारखा पुढे येतो. एरवी फिरती पातीच हे पुढे-मागे डोलणं शमवत असतात. ती वाऱ्याला कड देऊन उभी राहिली की तो आधारही जातो आणि टॉवर बराच वेळ डोलत राहतो. प्रत्येक हेलकाव्याला तळाच्या वेल्डिंगवर ताण येतो.

ग्रिड गेली तर आणखी वाईट. जनरेटरचा विरोध क्षणात संपतो, पाती आवरेपर्यंत रोटरचा वेग चढतो, पीळ बसलेला शाफ्ट सुटतो, गिअरबॉक्सचे दाते उलटसुलट आपटतात आणि टॉवरला आडवा धक्का बसतो. त्यात डिस्क ब्रेकही लागला तर भार वाढतोच. उलट साध्या थांबण्यात पाती सावकाश वळतात आणि भार उतरल्यावरच जनरेटर सुटतो. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राच्या सूचनेवरून उत्पादन कमी करायला चक्की सहा तास उभी ठेवली, तर माझ्या हिशेबात ते एक सौम्य थांबणं. पावसाळ्यात तासाभरात पाचदा फीडर, म्हणजे चक्क्यांची वीज नेणारी लाइन, ट्रिप झाला तर पाच दणके, तेही नेमके वारा जोरात असताना. त्या तक्त्यात पहिली गोष्ट मोठी दिसते, दुसरी जवळजवळ दिसतच नाही.

फरक किरकोळ नसतो. वेल्डिंगच्या थकव्याच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण येऊन होणाऱ्या नुकसानाच्या हिशेबात ताणाचा घातांक साधारण ४ धरतात, म्हणजे ताणाचा पल्ला दुप्पट झाला की नुकसान सोळापट. काचतंतूंच्या पात्यांसाठी हा घातांक १० च्या आसपास असतो. मानकातल्या भार-प्रसंगांच्या यादीतही साधं थांबणं चौथ्या गटात आणि इमर्जन्सी पाचव्या गटात, वेगवेगळं तपासायला सांगितलंय. ते पान मी साहेबांच्या टेबलावर उघडून ठेवलं. त्यांनी ते वाचलं नाही.

सुटका केली ती साइटवरच्या तंत्रज्ञाने. फोनवर म्हणाला, “ताई, चक्कीच्या कंट्रोलरमध्ये इव्हेंट लॉग असतो की. आणि उपकेंद्रात ट्रिपिंग रजिस्टर आहे, त्याचे फोटो पाठवू का?” मालकाने होकार देताच दोन्ही आलं. लॉगमध्ये प्रत्येक थांबण्याचा कोड सेकंदासह होता. त्या रात्री मला किती हलकं वाटलं, काय सांगू! तेव्हा मागणी पहिल्यांदा साइटवर करा, ऑफिसात नंतर. आणि लगेच करा, कारण कंट्रोलर जुन्या नोंदींवर नव्या लिहीत जातो. दहा मिनिटांच्या सरासरी नोंदींवर विसंबू नका, त्यांच्यात धक्का विरघळून जातो.

सिम्युलेशनचंही सांगते. ओपनफास्ट हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि सरावाला एनआरईएल या अमेरिकी ऊर्जा प्रयोगशाळेने मांडलेली ५ मेगावॅटची संदर्भ-चक्की मिळते. तिचा टॉवर एकदा डोलायला साधारण ३ सेकंद घेतो. थांबण्याची आज्ञा त्या हेलकाव्याच्या कोणत्या क्षणी पडली यावर कमाल ताण बदलतो, म्हणून क्षण बदलून अनेकदा चालवा. टॉवरवरचा रेटा पूर्ण क्षमता गाठणाऱ्या वाऱ्याच्या आसपास सर्वात जास्त असतो. तिथलं थांबणं वगळू नका. रोटरचा वेग चढण्याची भीती मात्र जोरदार वाऱ्यात जास्त.

आमचा अहवाल मान्य झाला आणि त्यातली थांबण्यांची वर्गवारी मला अभिमानाने दाखवावीशी वाटते. एक राहिलंच: कंट्रोलरचं आणि उपकेंद्राचं घड्याळ जुळत नसतं. सगळ्या चक्क्या एकदम बंद पडल्या अशी एखादी मोठी ट्रिप शोधा, त्यावरून फरक काढा आणि मगच मोजायला बसा.