आमच्या अंगणातलं सफरचंद नेमकं कुठलं?

इंदूरमध्ये घरी सफरचंदाचं झाड आहे म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, अ‍ॅपल बोर म्हणताय का? नाही हो, खरंखुरं सफरचंद. बोराच्या पानावर देठापासूनच तीन ठळक शिरा निघतात, याचं पान अगदी वेगळं. सुदामा नगरातलं हे घर घेतलं तेव्हा झाड मागच्या अंगणात आधीच उभं होतं, आणि आधीच्या मालकांच्या मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "आंटी, पापा कहीं से लाए थे, हमको तो बस खाने का पता है." पापा आता नाहीत, झाडावर चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही, मग आता शोधा.

शेजारच्या भाभींचं ठाम मत होतं की हा बबूगोशा (म्हणजे नाशपातीचाच एक प्रकार) आहे. त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं, कारण नाशपाती आणि सफरचंद एकाच कुळातले, पांढरी पाच पाकळ्यांची फुलं दोघांनाही. पण फूल जवळून बघितलं की कळतं. नाशपातीच्या कोवळ्या फुलात पुंकेसरांची टोकं लालसर-जांभळट असतात, सफरचंदाची पिवळी. आमच्या झाडाच्या कळ्या बाहेरून गुलाबी, उमलल्यावर पांढऱ्या, आत पिवळी टोकं. शिवाय पानाच्या खालच्या बाजूला बोट फिरवलं की बारीक लव लागते, नाशपातीचं पान तुकतुकीत असतं. भाभी अजून बबूगोशाच म्हणतात, ते असो.

मग मुलाने मोबाईलवरचं झाडं ओळखणारं अ‍ॅप लावून दिलं. त्याने पानावरून नुसतं "सफरचंद" सांगितलं, जे मला माहीतच होतं, आणि फळाच्या फोटोवरून एकदा गाला, एकदा फुजी, एकदा तर चक्क पेरू. माझं स्पष्ट मत आहे की झाड कशाचं आहे हे अ‍ॅप सांगेल, पण त्यातली जात (म्हणजे व्हरायटी) नुसत्या एका फोटोवरून सांगणं त्याच्या बापालाही जमायचं नाही.

नात्यातले एक सर कृषी महाविद्यालयात शिकवायचे, आता रिटायर झालेत, त्यांना विचारलं. (इंदूरच्या बाहेर ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, हे कॉलेज ज्या जागी आहे तिथेच पूर्वी इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री होती आणि अल्बर्ट हॉवर्ड साहेबांनी कंपोस्टची ती जगप्रसिद्ध "इंदूर पद्धत" तिथेच बसवली, आम्हाला त्याचा उगाचच अभिमान आहे.) सरांनी पहिलाच प्रश्न असा विचारला की मी गप्पच झाले, "आधी बघ, याला नाव असायचं काही कारण आहे का?" म्हणजे काय, तर सफरचंद बी टाकून उगवलं की आईसारखं निघत नाही, प्रत्येक बियाणं नवीनच असतं. शिमल्याहून आलेल्या पेटीतल्या फळाची बी कोणी टाकली असेल आणि ती उगवली असेल तर त्या झाडाचं नाव जगात कुठेच नाही, तुम्हीच ठेवा. नाव असतं ते कलमाला.

म्हणून मी बुंध्याशी बसून माती उकरली. आमची काळी माती, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा, त्यात बुंधा बराच गाडला गेला होता. वितभर खाली गेल्यावर एका बाजूला फुगवटा दिसला, वरची साल गुळगुळीत आणि खालची जरा खरबरीत, आणि त्या फुगवट्याच्या खालून दोन धुमारे आलेले, त्यांची पानं लहान आणि वेगळ्याच धाटणीची. म्हणजे कलम. म्हणजे नाव आहे. खालचा खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मुळाकडचं झाड) कुठला ते मी सोडून दिलं, तो नुसता बघून ओळखता येत नाही असं सरच म्हणाले. फुगवटा उघडाच ठेवायचा हेही त्यांनीच सांगितलं, मातीत राहिला तर तिथे कुजू शकतो, काळ्या मातीत तर जास्तच.

यानंतरचं काम खरं तर आपल्या हवेनेच करून टाकलं. बाजारात येतात ते रॉयल डिलिशस वगैरे, त्यांना हिवाळ्यात सात डिग्रीच्या खालची थंडी साधारण ८०० ते १००० तास लागते, तरच फांदीवरचे डोळे नीट फुटतात. इंदूरला जानेवारीत काही रात्री पारा सातच्या आसपास येतो, पण सकाळी दहाला स्वेटर काढावाच लागतो, इतके तास भरणार कुठून? आणि हे झाड तर संक्रांतीनंतर मजेत फुलतं आणि वटपौर्णिमेच्या सुमारास फळ खायला देतं. हिमाचलात सफरचंद फुलतात तीच मुळी मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे हे कमी थंडीवालं, आणि त्यातले आपल्याकडच्या नर्सऱ्यांमध्ये मुख्यतः मिळणारे तीनच: अ‍ॅना, डॉर्सेट गोल्डन आणि एचआरएमएन-९९. अ‍ॅना इस्रायलच्या आइन शेमर किबुत्झमध्ये (म्हणजे तिथल्या सामुदायिक शेतवस्तीत) तयार झालेलं, गोल्डन डिलिशसचा संकर. डॉर्सेट गोल्डन बहामाचं, चक्क समुद्रकाठच्या नासाऊचं. आणि एचआरएमएन-९९ आपलंच, हिमाचलच्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांचं. त्यांनी घरी खाऊन टाकलेल्या सफरचंदाच्या बियांतून परसात रोप आलं, ते त्यांना १९९९ मध्ये दिसलं आणि त्यातून ही जात निघाली, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे टाकलेल्या बीचंही नशीब कधी कधी असं निघतं!

आता फळं. पोपट आणि खारींपासून वाचवायला जाळी लावली आणि पिकायची वाट बघितली, कारण कच्च्या फळावरून ओळखणं व्यर्थ. पिकलंय का ते बघायला सरांनी आयोडीनची युक्ती सांगितली: फळ आडवं कापायचं, कापावर मेडिकलमधलं आयोडीन लावायचं, जिथे स्टार्च शिल्लक आहे तिथे निळं-काळं होतं. पहिलं फळ वांग्यासारखं काळंनिळं झालं, बियाही पांढऱ्या. थांबले. नंतरच्या फळात मधला भाग स्वच्छ राहिला, बिया तपकिरी, तेव्हा झाडाच्या सगळ्या बाजूंची फळं काढून टेबलावर मांडली. (आयोडीन लावलेली फोड खायची नाही, आमच्याकडे एक जण खायला निघाले होते.)

तिथेच खरी गंमत झाली. बहुतेक फळं लांबोडकी, देठाकडे रुंद आणि खाली निमुळती, हिरवट-पिवळ्यावर लाल झाक. त्यावरून अ‍ॅनाच. पण चार-पाच फळं गोलसर, पिवळीधमक, एका गालावर जेमतेम गुलाबी. ह्यांनी लगेच निकाल दिला, सावलीतली असतील, रंग चढला नाही. पण ती सगळी पश्चिमेकडच्या फांदीची होती, जिथे दुपारचं ऊन थेट भाजतं, आणि उन्हाने रंग वाढायला हवा ना, आणि आकाराचं काय? मग ती फांदी वरून खाली हाताने चाचपत आले. खोडापाशी येता येता अंगठ्याला एक वळ लागला, आणि सालीत अर्धी गडप झालेली प्लॅस्टिकची पट्टी. कलम बांधायची पट्टी! पापांनी, किंवा नर्सरीवाल्याने, अ‍ॅनावर दुसरी जात बांधली होती.

सरांना फोटो पाठवले, अख्खं फळ बाजूने, देठाकडून, खालून, आणि उभं-आडवं कापलेलं, शेजारी मोजपट्टी ठेवून. ते म्हणाले बरोबर आहे, अ‍ॅनाला जोडीला सहसा डॉर्सेट गोल्डन देतात, दोन्ही साधारण एकाच वेळी फुलतात, मधमाशीने परागकण इकडून तिकडे नेले की फळ चांगलं धरतं. अंगणात जागा एकाच झाडाची असली की दुसरी जात फांदीवर बांधायची. एकटं झाड असून इतकं कसं लागतं हा माझा प्रश्न परस्पर सुटला. एचआरएमएन बाद झालं ते फळावरूनच, त्याच्या सालीवर लाल पट्टे असतात, आमच्या फळावर नुसती झाक, पट्टा एकही नाही. पानाची डीएनए तपासणी करता येते म्हणे, पण ताडून बघायला खात्रीचा नमुना लागतो, आणि घरच्या झाडासाठी तेवढा खर्च मला काही पटला नाही. अ‍ॅनाबद्दल मी निश्चिंत आहे, पिवळीबद्दल "बहुतेक" म्हणते.

आता बडोद्याचे भावजी मागे लागलेत, आम्हालाही काडी द्या. देईन, पण दोन्ही फांद्यांची घ्या म्हटलंय, एकटी अ‍ॅना नेऊन फळं कमी आली म्हणून मला फोन करायचा नाही. काड्या डिसेंबरअखेर, डोळे फुगायच्या आत काढायच्या, ओल्या पेपरात आणि पिशवीत गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवायच्या, फक्त त्या फ्रीजमध्ये फळं नकोत, पिकत्या फळांतून निघणाऱ्या वायूने डोळे मरतात. हे ऐकून जाऊबाईंनी विचारलं, मग तितके दिवस आमची फळं कुठे ठेवायची? ते त्यांचं त्यांनी बघावं.